खाणीचा कंप ‘मर्यादेत’ आहे, पण तो मोजला कुठे?

प्रश्न : आमचे गाव वणी तालुक्यात, उघड्या कोळसा खाणीपासून पाऊण किलोमीटरवर आहे. दुपारी ब्लास्टिंग झाले की घरातली भांडी वाजतात आणि चार वर्षांपूर्वी बांधलेल्या घराच्या खिडक्यांच्या कोपऱ्यांतून तिरक्या भेगा गेल्या आहेत. टिप्परच्या धुळीने रस्त्याकडेचा कापूस काळवंडतो आणि व्यापारी भाव पाडून मागतो. तक्रार केल्यावर खाण कार्यालयाने लेखी कळवले की कंप मर्यादेत आहे, भेगा काळ्या मातीमुळे पडल्या आहेत आणि धुळीसाठी रस्त्यावर रोज पाणी मारले जाते. आता काय करावे?
– एक वाचक, जि. यवतमाळ

उत्तर : आपल्याला लेखी उत्तर मिळाले, हे चांगले झाले, ते जपून ठेवा. मात्र त्यात एकही आकडा नाही, आणि आकड्याशिवाय ‘मर्यादेत’ या शब्दाला अर्थ राहत नाही. खाण सुरक्षा महासंचालनालयाच्या 1997 च्या परिपत्रकाप्रमाणे, खाणीच्या मालकीच्या नसलेल्या राहत्या घरांच्या पायाशी कंपाचा वेग किती असावा, हे त्या कंपाच्या वारंवारतेवर, म्हणजे सेकंदाला किती हेलकावे (हर्ट्झ) होतात यावर ठरते. वारंवारता 8 हर्ट्झपेक्षा कमी असेल तर सेकंदाला 5 मिलिमीटर, 8 ते 25 हर्ट्झ असेल तर 10 आणि त्याहून अधिक असेल तर 15 मिलिमीटर, अशी ही मर्यादा आहे. अंतर वाढते आणि लाटा मातीच्या जाड थरातून येतात, तसा कमी वारंवारतेचा कंपच जास्त उरतो. म्हणजे आपल्यासारख्या ठिकाणी कडक मर्यादाच लागू होण्याची शक्यता अधिक. म्हणून नव्या अर्जात स्पष्ट विचारा : कोणत्या तारखेच्या ब्लास्टिंगची मोजणी केली, यंत्र कोणाच्या घराच्या पायाशी ठेवले होते, वेग आणि वारंवारता किती आली, आणि एका वेळी किती स्फोटके उडवली. खाण सरकारी कंपनीची असेल तर माहितीच्या अधिकारात हे थेट मागता येते. खासगी असेल तर खाण सुरक्षा आणि प्रदूषण नियंत्रणाच्या कार्यालयांकडे असलेल्या नोंदी मागाव्यात. पुढची मोजणी आपल्या घरी, ग्रामपंचायतीच्या प्रतिनिधीसमोर व्हावी, असा ग्रामसभेचा ठराव सोबत जोडावा.

काळ्या मातीचा मुद्दा मात्र उडवून लावू नका, कारण तो खोटा नाही. ही माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि तिच्यावरच्या उथळ पायाच्या घरांना खाण नसलेल्या गावांतही तिरक्या भेगा पडतात. शिवाय भांडी आणि तावदाने वाजतात ती पुष्कळदा जमिनीच्या कंपाने नव्हे, तर हवेतून येणाऱ्या दाबाने, आणि माणसाला जाणवणारा कंप भिंतीला इजा करणाऱ्या कंपापेक्षा बराच सौम्य असू शकतो. तेव्हा आपला पुरावा या आक्षेपाला पुरून उरणारा हवा. भेगेवर काचेची पातळ पट्टी आडवी ठेवून तिची दोन्ही टोके सिमेंटने पक्की करा आणि शेजारी तारीख लिहा. भेग हलली की काच तडकते. ब्लास्टिंगची वेळ रोज वहीत नोंदवा आणि काच तपासा. भेगेची रुंदी मे महिन्यात आणि पुन्हा ऑगस्टमध्ये मोजा. पावसात ती मिटत असेल तर दोष मुख्यतः मातीचा समजावा. ऋतू कोणताही असो, ती वाढतच असेल किंवा काच ब्लास्टिंगनंतरच तडकत असेल, तर आपले म्हणणे बळकट होते. मातीने आधीच ताणलेली भिंत कमी कंपानेही खचू शकते, हेही अर्जात लिहायला हरकत नाही. दगड उडून येत असतील तर ती निराळी आणि अधिक गंभीर बाब आहे. त्याची तक्रार त्याच दिवशी खाण सुरक्षा कार्यालयाकडे करावी.

धुळीबाबत मला खाण कार्यालयाचे उत्तर सर्वांत अपुरे वाटते. वणीच्या उन्हात सकाळी मारलेले पाणी दुपारपर्यंत टिकत नाही, त्यामुळे टँकरच्या दिवसभरात किती फेऱ्या होतात, गाड्यांवर ताडपत्री असते का आणि गावाजवळचा रस्ता कोण झाडतो, हे विचारायला हवे. वस्तीत 10 मायक्रॉनपर्यंतच्या धूलिकणांची 24 तासांची मर्यादा घनमीटरला 100 मायक्रोग्रॅम आहे. कोळसा खाणींच्या परिसरासाठी 2000 मध्ये ठरवलेले निकष याहून बरेच सैल आहेत. म्हणून दाखवलेला आकडा खाणीच्या आवारातला आहे की आपल्या गावातला, हे आधी पाहावे. पर्यावरण मंजुरीच्या अटींचे पालन कसे झाले, याचा सहामाही अहवाल खाणीला द्यावाच लागतो. तो मिळवा आणि त्यातले दावे रस्त्यावर पडताळून पाहा.

कापसासाठी वेचणीपूर्वीच तलाठी आणि कृषी सहायक यांच्याकडून पंचनामा करून घ्या, कारण वेचणीनंतर झाडावर दाखवायला काही उरत नाही. रस्त्याकडेचा आणि आतल्या शेतातला कापूस वेगळा वेचून एकाच दिवशी विका व बाजार समितीच्या दोन्ही काटापट्ट्या जपून ठेवा. भावातला फरक म्हणजेच आपले नुकसान, आणि त्याच्याशी वाद घालणे अवघड जाते.

एवढे करूनही दाद मिळाली नाही, तर भरपाईसाठी राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाच्या पुणे खंडपीठाकडे जाता येते. तिथे भरपाईचा अर्ज कारण पहिल्यांदा घडल्यापासून 5 वर्षांच्या आत करावा लागतो. घर बांधून चार वर्षे झाली असल्याने पहिली भेग केव्हा दिसली, हे घरच्यांना विचारून तारखेनिशी आजच लिहून ठेवावे.