पिशवी, रंगीत दोरा आणि शून्याची नोंद

कराडहून एका आईचं पत्र आलं आहे. मुलगी बी.एस्सी.ला वनस्पतिशास्त्र घेऊन शेवटच्या वर्षात आहे. उन्हाळ्यात विद्यापीठाच्या वनस्पती उद्यानात पंधरा दिवस राबून आली आणि तेव्हापासून ‘झाडं आणि त्यांच्यावर येणाऱ्या माश्या, यावरच काम करणार’ म्हणते. घरच्यांना वाटतं, बी.एड. करावं. आई विचारतात: हे शिकून-सवरून माळीकामच ना? यात पोट भरतं का? आणि या वर्षी तिनं नेमकं काय करावं?

नमस्कार ताई,

माळीकाम आहेच, पण त्याला वहीची जोड असते. कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठाच्या उद्यानात सेरोपेजिया, म्हणजे आपली कंदीलपुष्पं, जपली आहेत. यातल्या कित्येक जाती सह्याद्रीबाहेर कुठेच नाहीत. या फुलाच्या नळीत खाली वळलेले केस असतात. वासाला भुलून चिलटाएवढी माशी आत घसरते आणि केसांमुळे तिला परत वर येता येत नाही. पुढे केस कोमेजले की परागाची पुडी अंगाला चिकटवून ती सुटते. कंद कुंडीत वाढवता येतो, पण ती बारीक माशी आसपास नसेल तर शेंग धरत नाही. म्हणून संवर्धन म्हटलं की झाडाबरोबर माशीचाही अभ्यास करावा लागतो.

उद्यानातलं दुसरं मोठं काम बियांचं. एखाद्या जातीचं बी आणायचं तर जमेल तिथे पन्नासेक वेगवेगळ्या झाडांवरून थोडं थोडं घेतात, आणि त्या दिवशी पिकलेल्या बियांच्या पाचव्या हिश्शाहून जास्त उचलत नाहीत. बहाव्यासारखं बी नीट वाळवून उणे 18 ते 20 अंशांवर वर्षानुवर्षं राहतं. जांभूळ, फणस, आंबा यांचं बी वाळवलं की मेलं. त्यांची झाडंच जमिनीत वाढवावी लागतात. फसगत होते ती पुढे. उद्यानात सख्ख्या-चुलत जाती शेजारी शेजारी लावलेल्या असतात. माशी दोन्हींवर फिरते, बी संकरित निघतं आणि ‘दुर्मीळ जातीची रोपं’ म्हणून डोंगरावर भलतंच जातं. छाटकलमांनी वाढवलेल्या शंभर कुंड्या मुळात एकाच झाडाच्या असतात, हेही पुष्कळदा विसरलं जातं. हे टाळायचं तर प्रत्येक रोपाला संग्रह क्रमांक हवा, मूळ ठिकाण आणि तारीख हवी, हर्बेरियमचा, म्हणजे दाबून वाळवून जपलेला, नमुना हवा. पाटी हरवलेलं झाड संशोधनाला जवळजवळ निरुपयोगी ठरतं.

मधपेट्या ठेवल्या की परागवाहक वाचले, असं बऱ्याच संस्थांना वाटतं. ते मला पटत नाही. पेटीतल्या माश्या रानातल्या मधमाश्यांच्याच फुलांवर चरतात. आपल्या बहुतेक एकांड्या, म्हणजे पोळं न करता एकेकट्या राहणाऱ्या, मधमाश्या उघड्या मातीत बिळं करतात आणि मोठे काळे भुंगे वाळक्या लाकडात. उद्यान झाडून-पुसून लख्ख केलं, प्रत्येक वाफ्यावर पालापाचोळा अंथरला, वाळकी फांदी उचलली, की त्यांची घरं गेली. पिठ्या ढेकणासाठी मुळाशी ओतलेलं आंतरप्रवाही, म्हणजे झाडाच्या रसातून पसरणारं, कीटकनाशक फुलाच्या मधातही उतरतं. म्हणजे संरक्षणाचं अर्धं काम बागेच्या वेळापत्रकाशी भांडण्याचं आहे.

आता या वर्षाचं. तिला एक प्रयोग स्वतः करू द्या: तरवडावर. कराडच्या आसपासच्या माळांवर तो मिळेल. या फुलात मध नसतो. पराग असतो, पण परागकोशाला टोकाशी फक्त बारीक भोक. भुंगा फुलाला धरून अंग थरथरवतो तेव्हाच तो नीट झडतो. सातेरी माशीला ही थरथर जमत नाही. ती आली तरी सांडलेलं गोळा करते. फुलावर बसणारा प्रत्येक पाहुणा परागवाहक नसतो, हे या झुडपावर डोळ्यांनी दिसतं.

दहा झुडपं निवडायची, वनखात्याची जमीन टाळून आणि मालकाला विचारून. प्रत्येकावर वीस कळ्या, पाच-पाचचे चार गट. पहिला गट उघडा. दुसऱ्यावर नुसती पिशवी. तिसऱ्यात पिशवी आणि त्याच फुलाचा पराग कुक्षीवर, म्हणजे पराग झेलणाऱ्या टोकावर. चौथ्यात आदल्या संध्याकाळी कळी अलगद उघडून सगळे पुंकेसर काढायचे, पिशवी घालायची आणि सकाळी निदान वीस-पंचवीस पावलांवरच्या दुसऱ्या झुडपाचा पराग लावायचा. परागकोशाचं टोक ब्लेडनं कापून काचपट्टीवर टिचकी मारली की पराग पडतो. कुक्षी इवलीशी असते, दहापट भिंग लागेल. पिशव्या दागिन्यांच्या दुकानात मिळतात तशा ऑर्गंझाच्या चालतात. गटागणिक दोऱ्याचा रंग वेगळा आणि पट्टीवर पेन्सिलनं क्रमांक. जेल पेनची शाई पहिल्याच सरीत धुऊन जाते.

बिघाड ठरलेले आहेत. ओली पिशवी कुक्षीला टेकली की पराग इकडचा तिकडे होतो, म्हणून आत तारेचं कडं घालावं. मुंग्या चढतात, फांदीला ग्रीसचा पट्टा ओढावा. फूल कोमेजल्यावर पिशवी काढली नाही तर बुरशी धरते आणि दोष प्रयोगाला लागतो. शेवटी गटवार शेंगा मोजायच्या, म्हणजे पाहुण्याविना किंवा स्वतःच्याच परागानं शेंग धरते का ते कळतं. गळलेलं फूलही हिशेबात धरायचं.

जोडीला निरीक्षण: सकाळी सात, नऊ, अकरा आणि दुपारी चार, दर वेळी पंधरा मिनिटं. समोर किती फुलं उघडी आहेत, ऊन की ढग, कोण आलं, कुक्षीला टेकलं का, थरथरलं का. जात ओळखता आली नाही तर गट पुरे: आग्या, सातेरी, फुलोरी, भुंगा, निळ्या पट्ट्यांची माशी. पंधरा मिनिटांत कुणीच आलं नाही तर शून्य लिहायचं. मुलं इथेच चुकतात. रिकामी वेळ नोंदवत नाहीत आणि मग त्यांच्या तक्त्यात फुलावर सतत गर्दी दिसते.

दोनशे कळ्या बांधून झाल्यावरही तिला पुढच्या आठवड्यात जावंसं वाटलं, तर पुढचं बोलू. कंटाळली, तर बी.एड.चा रस्ता कुठे जात नाही. तो एम.एस्सी.नंतरही खुला राहतो.

रस्ता असा. एम.एस्सी. वनस्पतिशास्त्र कोल्हापूर किंवा पुण्याला. बंगळुरूच्या एनसीबीएस या जीवविज्ञान संशोधन केंद्राचा वन्यजीवशास्त्राचा अभ्यासक्रमही चांगला, पण तिथे प्रवेश एक वर्षाआड होतात. गेट या पदव्युत्तर प्रवेशाच्या परीक्षेत ‘परिस्थितिकी आणि उत्क्रांती’ (इकॉलॉजी अँड इव्होल्यूशन) असा स्वतंत्र विषय आहे. शेवटच्या वर्षातही तिला ती देता येईल. मग सीएसआयआर-यूजीसी नेट, ही संशोधनवृत्ती आणि प्राध्यापकपदासाठीची परीक्षा. त्यातून मिळणाऱ्या कनिष्ठ संशोधनवृत्तीचे 2023 पासून महिना 37,000 रुपये, वर घरभाडं. पुण्यात भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचं पश्चिम केंद्र आहे, आघारकर संशोधन संस्था आहे, 1873 सालचं गणेशखिंड उद्यान आहे. परदेशाचा विचार पीएच.डी.च्या वेळी करावा. अमेरिकेत मॅडिसनच्या विद्यापीठाचं वृक्षोद्यान आहे. 2017 साली तिथल्या सरकारनं संकटग्रस्त ठरवलेली एक रानातली मधमाशी त्या उद्यानात आढळते, आणि तिची मोजदाद करण्यात स्वयंसेवकही असतात. तिथेही अर्जाबरोबर विचारतात ते हेच: तू स्वतः काय मोजलंस?

पोटाचं मोघम सांगत नाही. कायम नोकऱ्या थोड्या, जाहिराती उशिरा निघतात, मधली वर्षं प्रकल्पांवर जातात आणि प्रकल्प संपला की पगार थांबतो. सहा महिन्यांचा खर्च बाजूला असावा. वनसेवेच्या परीक्षेला ही पदवी चालते. तो दुसरा दोर हातात असू द्या.

उद्यानप्रमुखांना ती पत्र लिहील तेव्हा ‘मला निसर्गाची आवड आहे’ हे वाक्य नको. तरवडाचा तक्ता, दोन स्वच्छ फोटो आणि ‘येत्या उन्हाळ्यात सहा आठवडे येऊ शकते’ एवढं पुरे. पत्र जानेवारीत जाऊ द्या. मार्चपर्यंत जागा भरतात.