पलटण म्हणजे प्लॅटून नव्हे

प्रश्न असा आहे: पूर्व युक्रेनमधल्या डोनेत्स्कच्या रशियावादी फुटीरांची जी 'वोस्तोक बटालियन' होती, तिला मराठीत 'वोस्तोक पलटण' म्हणावे का? पलटण म्हणजे प्लॅटून, मग ते चुकीचे नाही का? आणि तिच्यातल्या लोकांना 'स्वयंसेवक' म्हटले तर चालेल का?

पलटण खुशाल म्हणा. पण 'पलटण म्हणजे प्लॅटून' हे आता पुरे झाले. बातम्यांत, भाषणांत, चांगल्या शिकलेल्या माणसांच्या तोंडी सतत ऐकतो आणि दर वेळी डोके तडकते. प्लॅटून म्हणजे तीस-चाळीस जवान, बटालियन म्हणजे कित्येकशे. फुटीरांचा म्होरक्या अलेक्झांडर खोदाकोव्स्कीची वोस्तोक मे २०१४मध्ये पुढे आली आणि त्याच महिन्याच्या २६ तारखेला डोनेत्स्कच्या विमानतळावर लढली. ते काही तीस-चाळीस जणांचे काम नव्हते.

पलटण आली ती 'बटालियन'वरून. प्लॅटूनवाले म्हणतात, प-ल-ट-ण आणि प-ल-ट-न, अक्षरे जुळली की! जुळली, म्हणून काय झाले? दक्षिणेत बघा. तमिळ-मल्याळममध्ये 'पट्टाळम्' आहे. तिथे ट आधी, ळ नंतर, म्हणजे थेट बटालियनचा क्रम. उत्तरेकडे येताना ट आणि ल यांनी जागा बदलल्या, एवढेच. आपल्या बोलण्यात असे नेहमी होते. 'नुकसान'चे 'नुसकान' कितीतरी घरांत होते.

अर्थाचा पुरावा तर त्याहून भक्कम आहे. मराठा लाइट इन्फंट्रीच्या पहिल्या बटालियनचे नाव 'जंगी पलटण'. अख्खी बटालियन, तिच्यातला एखादा तुकडा नव्हे! महादजी शिंद्यांसाठी डी बॉयन या युरोपीय सेनानीने १७८४मध्ये कवायती पायदळ उभे करायला घेतले, तेही दोन बटालियनपासून. पुढे अशा पलटणी मिळून 'कंपू' झाला. कंपू म्हणजे ब्रिगेड; त्याचा आज 'टोळके' एवढाच अर्थ उरला, याचे मला खरेच वाईट वाटते.

इंग्रजीत शिरलेल्या हिंदुस्थानी शब्दांच्या १८८६च्या हॉब्सन-जॉब्सन कोशानेही पलटणीचे मूळ बटालियनच दिले आहे. पण पुढे 'प्लॅटूनशी थोडी सरमिसळ झाली असावी' अशी पुस्ती जोडली. ती मला साफ अमान्य आहे. पट्टाळम् त्याच नोंदीत दिलेला असताना सरमिसळ हवी कशाला? त्या एका पुस्तीने सव्वाशेहून अधिक वर्षे प्लॅटूनवाल्यांना खाद्य पुरवले. आणि घरात पोरांची पलटण जमली असे आपण म्हणतो, तेव्हा मनात गर्दी असते, मोजून तीस डोकी नसतात.

'स्वयंसेवक' मात्र नको. तो शब्द ऐकला की वारीत पाणी वाटणारा माणूस डोळ्यांसमोर येतो. हातात रायफल असेल तर 'स्वेच्छेने लढणारे' असे सरळ लिहा.