क्लासिकल गिटारचे पीसेस युकुलेलेवर वाजवता येतात का? लो-जी तार घालावी का?

वाजतात की, न वाजायला काय झालं! गिटारच्या बारीक चार तारा घ्या, पाचव्या फ्रेटला (मानेवरच्या पाचव्या पट्टीला) कॅपो, म्हणजे सगळ्या तारा दाबणारा चिमटा लावा, झाली युकुलेले. फक्त जी तार एक सप्तक वर चढलेली (हीच हाय-जी; तिच्या जागी सप्तकभर खालची जाड तार घातली की लो-जी), आणि सगळं भांडण त्या एका तारेचंच.

खानापूरला आतेबहिणीचा साखरपुडा होता. आत्या म्हणाली काहीतरी वाजव की, आणि मी शहाणपणा करून स्पॅनिश गिटारवाल्या तार्रेगाचं लाग्रिमा काढलं, तेही हाय-जीवर. त्यात पहिल्याच ओळीत वर मेलडी आणि खाली बास (खालचे जाड सूर) जोडीनं चढतात, मधल्या अंतरातच सगळी मजा, खरं माझा बास मेलडीच्या मांडीवर जाऊन बसलेला. पाहुण्यांत माझे जुने गिटारचे सर होते, बेळगावात कॅम्पात त्यांच्याकडं चार वर्षं शिकलोय मी. सगळ्यांसमोर म्हणाले, "खेळणं बरं आहे रे तुझं, बास घरी ठेवून आलास काय?" सगळे हसले, नवरदेवसुद्धा.

मग काय, पावसाळाभर घरात बसून जुन्या स्पॅनिश गिटारवाल्या गास्पार सान्झचं कानारिओस बसवलं. सान्झचं पुस्तक १६७४ चं, बरोक गिटारचं (त्या काळची, तारांच्या पाच जोड्यांची गिटार), आणि नाजूक बोटांनी वाजवायचं असेल तर चौथ्या-पाचव्या जोडीला जाड तारा नकोत असं तो स्वतःच सांगतो. म्हणजे त्याच्या गिटारलाच बास नव्हता! आज सहा तारांवर जे वाजवतात तीच खरी अरेंजमेंट, माझी नव्हे. हाय-जीवर कँपानेला जमतं, म्हणजे लागोपाठचे सूर वेगवेगळ्या तारांवर: जी मोकळ्या चौथीवर, ए मोकळ्या पहिलीवर, बी दुसरीच्या सातव्या फ्रेटवर. आधीचा सूर विझायच्या आत पुढचा येतो, देवळातल्या घंटा एकात एक मिसळल्यासारखं.

अर्धा किलो कुंदा घेऊन सरांच्या घरी गेलो आणि वाजवलं. डोळे मिटून ऐकलं त्यांनी, मग म्हणाले, "सिक्स-एटवरनं थ्री-फोरला आलास की पळवालास." म्हणजे ताल बदलला की लय वाढते. बस्स. सान्झचं सांगितलं तर नुसतं हूं. कुंदा ठेवून घेतला, 'खेळणं' काही मागं घेतलं नाही.

तुमचं लो-जीचं राहिलंच. जुनं बरोक वाजवणार तर घालू नका. स्पॅनिश रोमान्स किंवा कार्कासी, सोर या नंतरच्या गिटारवाल्यांचं असलं वाजवणार तर घाला, नाहीतर माझ्या लाग्रिमासारखं होईल (एवढ्यापुरतं सरांचं बरोबर होतं, खरं तोंडावर कबूल करणार नाही). रोमान्सला बारावा फ्रेट लागतो, सोप्रानोवर (सगळ्यात छोट्या नेहमीच्या युकुलेलेवर) तिथं बोटं मावत नाहीत, मोठी टेनर घ्या. क्लासिकल गिटारची डी तार लो-जी म्हणून चालते, फक्त नटची (मानेच्या टोकाला तारा बसतात त्या पट्टीची) खाच बारीक पॉलिश पेपरनं थोडी रुंद करा, जबरदस्तीनं कोंबू नका, माझ्या नटचा कोपरा उडालाय.