आरएसएस अजून चालते काय? चालते ना भाऊ

तुम्ही विचारलं की गावात राहतो, बातम्यांचे चार ॲप टाकले, दिवसभर टिंग टिंग चालू राहते अन् त्यातल्या अर्ध्या नट्यांच्या लग्नाच्या, तर आरएसएस म्हणून काही असते ते अजून चालते काय अन् मराठीत मिळते काय.

चालते. मी वणीकडचा कास्तकार आहो, तीन-चार वर्षं झाले वापरून राहिलो. आधी एक सांगतो, घरी हे नाव घेऊ नका, मी जेवताना म्हटलं की मोबाइलात आरएसएस लावलं तर आमचे मोठेबाबा म्हणे, काऊन रे, शाखेत कधीपासून जाऊन राहिला? नागपूर इथून दूर नाही ना, दुसरा अर्थ कोणाच्या डोक्यात येतच नाही.

तर हे असं आहे की साइटवाले एक साधी फाइल ठेवतात, तिला फीड म्हणतात, त्यात नवीन बातमीचं शीर्षक, लिंक, दोन ओळी अन् टाकल्याची तारीख-वेळ. तुमच्या फोनमधला रीडर, म्हणजे फीड वाचायचं ॲप, अधूनमधून जाऊन ती फाइल पाहून येते, नवीन काही असलं तर तुमच्यापुढे ठेवते, बस. वर काय दाखवायचं खाली काय ते कंपनी ठरवत नाही, जी बातमी नवीन ती वर. आणि संपते! खालपर्यंत गेलं की संपलं, हे ॲपवाल्यांच्यात कधी होतच नाही.

मला सगळ्यात कामाची वाटली ती तारीख. २०२५ च्या ऑगस्टची गोष्ट घ्या, सरकारनं कापसावरचं ११ टक्के आयात शुल्क काढलं, १९ ऑगस्टपासून ३० सप्टेंबरपर्यंत. आमच्या ग्रुपवर लगेच फिरलं, घाबरू नका, आपला कापूस दसऱ्यानंतर घरात येते, तोवर हे संपून जाते. हिशोब बरोबर होता. पण २८ ऑगस्टला तीच सूट ३१ डिसेंबरपर्यंत वाढवली, म्हणजे ऐन वेचणीच्या हंगामात बाहेरचा कापूस बिनशुल्क. मला ते फीडमधे दिसलं, वर जुनी बातमी, खाली... नाही, उलटं, वर नवी खाली जुनी, दोन्हीवर तारखा. ग्रुपवर मात्र ३० सप्टेंबरवालाच फोटो त्यानंतरही फिरून राहिला होता, बातमी खोटी नव्हती हो, शिळी होती. फोटोत तारीख कापलेली. अशा वेळी भांडून फायदा नसते, मी लिंक टाकली तर एकानं अंगठा दाखवला अन् दुसऱ्यानं तोच फोटो पुन्हा टाकला.

एक फसगत यातही आहे, काही साइटी जुनी बातमी थोडी बदलून नवीन वेळ लावून परत वर आणतात, तेव्हा आत जाऊन पाहिलेलं बरं.

आता लावायचं कसं. अँड्रॉइडवर फीडर नावाचंच ॲप आहे, फुकट, जाहिरात नाही, खातं उघडा म्हणत नाही. त्यात बातमी पूर्ण उतरवून ठेवायची सोय आहे, मी सकाळी रेंज असते तेव्हा ओढून घेतो अन् वावरात धुऱ्यावर बसून वाचतो, तिथं टॉवर एक कांडी पकडला तर नशीब. पण फीडर तुमच्या फोनवरूनच बातम्या आणते, अन् फाइलमधे शेवटच्या थोड्याच बातम्या असतात, वर्डप्रेस नावाच्या सॉफ्टवेअरवर बनलेल्या साइटीत न छेडता ठेवलं तर दहाच. म्हणजे लाइन गेली, दोन दिवस फोन बंद राहिला तर मधल्या बातम्या वाहून गेल्या. ते नको असेल तर इनोरीडर नाहीतर फीडली हे रीडर घ्या, त्यांचे सर्व्हर तिकडे जमा करत राहतात, फुकटात जेवढे फीड लावू देतात तेवढे आपल्याला भल्ले झाले.

बीबीसी मराठीचं फीड आहे. बाकी साइटीचं बटण शोधत बसू नका, आरएसएसचं ते नारंगी चिन्ह आता क्वचित दिसते, साइटचा पत्ता रीडरमधे टाका, असलं तर तो स्वतः हुडकते. नाही सापडलं तर पत्त्याच्या पुढे स्लॅश देऊन इंग्रजीत फीड लिहून पाहा, बऱ्याच ठिकाणी लागते. यूट्यूबवरचे आपल्या तालुक्याचे जे बातमीवाले पोट्टे आहेत त्यांच्या चॅनलचंही फीड असते, इनोरीडर-फीडलीत चॅनलची लिंक टाकली की झालं, घंटी दाबायची गरज नाही. पेपरच्या जिल्हा पानाचं मात्र माझ्या पाहण्यात तरी कुठं जमलं नाही, ते ई-पेपरमधे फोटोसारखं असते. अन् बाजारभावासाठी हे नका वापरू, भाव अडत्याला फोन करूनच कळते.

लोक म्हणतात गूगल रीडर १ जुलै २०१३ ला बंद झालं तेव्हाच आरएसएस मेलं. एक दुकान बंद झालं म्हणून बाजार उठते काय? बहुतेक पॉडकास्ट आजही याच्यावरच चालतात, ऐकणाऱ्याला माहीत नसते एवढंच.

राहिला मराठीचा प्रश्न. बातम्या मराठीत येतात, अक्षरं नीट दिसतात, पण शब्द टाकून तेवढ्याच बातम्या वेगळ्या काढायच्या म्हटलं की आपली भाषा खेळ करते. माझ्या रीडरमधे मी 'कापूस' टाकलं तर अर्ध्या बातम्या गायब, कारण शीर्षकात 'कापसाला', 'कापसाचे' असते. मग 'कापूस' अन् 'कापस' दोन्ही टाकले. तुरीचंही तसंच, 'तूर' वेगळं 'तुरी' वेगळं. सोयाबीन बिचारं सरळ आहे. सगळ्यात मजा आली गावाच्या नावात. मी हौसेनं 'वणी' टाकलं, तर कोर्टातली सुनावणी, योजनेची अंमलबजावणी, कोणत्यातरी नटाच्या आठवणी, सगळं माझ्या वणीच्या खान्यात येऊन पडलं बाप्पा. मग शब्दाच्या आधी एक जागा सोडून ' वणी' असं टाकलं, सुनावणी गेली, पण ज्या शीर्षकाची सुरुवातच वणीनं होते त्या बातम्याही गेल्या, अन् इकडचे बातमीवाले गावाचं नाव पहिलेच लिहितात. सध्या मी दोन्ही खाने ठेवले, एक साफ अन् एक कचऱ्याचा. कोणाजवळ याच्यावर उपाय असन तर खाली सांगा.