खाडीच्या चिखलाला सडक्या अंड्यांचा वास मारतो, मग आमच्या भंडाऱ्याकडच्या मामा (माजी मालगुजारी, म्हणजे जुन्या मालगुजारांच्या) तलावाच्या गाळाला एवढा का नाही?

फरक सल्फेटचा, म्हणजे पाण्यात विरघळलेल्या गंधकाच्या क्षाराचा आहे. समुद्राच्या पाण्यात ते लिटरमागे सुमारे २.७ ग्रॅम असतं, तलाव-बोडीच्या गोड्या पाण्यात साधारण काही मिलिग्रॅमच. चिखलात वरचे काही मिलिमीटर सोडले की ऑक्सिजन संपतो. मग खाडीतले जिवाणू सल्फेट वापरून कुजका पाला खातात आणि हायड्रोजन सल्फाइड सोडतात. वास त्याचाच. त्यातला बराचसा लोहाशी जुळून काळा आयर्न सल्फाइड, पुढे पायराइट (लोह-गंधकाचं खनिज) होतो. असा चिखल उपसून वाळवला तर सल्फ्युरिक आम्ल तयार होऊन जमीन आंबट होऊ शकते. तलावात सल्फेट लवकर संपतं, म्हणून मिथेन बनतो, त्याला वासच नाही. गाळात काठी खुपसा, वर येणारे बुडबुडे मुख्यतः त्याचेच. मात्र गावचं सांडपाणी तलावात उतरत असेल तर तिथंही अंड्याचा वास येतो.