‘थंड कवच’ म्हणजे नेमकं काय?

प्रश्न असा आहे: धारवाडच्या, म्हणजे कर्नाटकातल्या प्राचीन भूभागाच्या, खडकांविषयी वाचताना एकाच परिच्छेदात ‘थंड कवच’ (कवच म्हणजे पृथ्वीचा सर्वांत वरचा खडकाळ थर) आणि ‘खडकांची उष्णता-निर्मिती’ असे दोन्ही शब्दप्रयोग आले. मग हे खडक थंड समजायचे की गरम?

दोन्ही प्रयोग बरोबर आहेत, पण इथला ‘थंड’ तापमानाबद्दल नाही. जमिनीच्या पोटातून दर चौरस मीटरमागे किती उष्णता वर येते, म्हणजे उष्णताप्रवाह किती, हे त्यातून सांगायचं असतं. खंडांवर तो सरासरी ६५ मिलिवॅटच्या आसपास असतो. दक्षिण भारताच्या प्राचीन भूभागात साधारण २५ ते ५०.

उष्णता-निर्मिती ही खडकाच्या आतली गोष्ट. युरेनियम, थोरियम आणि पोटॅशियम-४० यांच्या किरणोत्सारी ऱ्हासातून ती होते, आणि वर येणाऱ्या उष्णताप्रवाहाचा एक वाटा तिचाच असतो. एक घनमीटर ग्रॅनाइट सेकंदाला जेमतेम अडीच मायक्रोज्यूल उष्णता देतो. क्षुल्लक वाटतं ना? पण घन किलोमीटरचा हिशेब मांडला तर अडीच किलोवॅट होतात, म्हणजे न्हाणीघरातला एक गीझर, तोही अब्जावधी वर्षं न थांबता चालणारा!

आता ‘जुना खडक म्हणून थंड’ असं सर्रास लिहिलं जातं, ते मला खटकतं. ऱ्हासामुळे निर्मिती घटते हे खरंच; ३ अब्ज वर्षांपूर्वी ग्रॅनाइटची उष्णता-निर्मिती आजच्या दुपटीहून अधिक होती. पण तेवढ्यानं भागत नाही. धारवाड भूभागाच्या पश्चिमेकडचे पट्टिताश्म (पट्टेदार नाइस खडक) मुळातच पोटॅशियम, युरेनियम, थोरियम कमी असलेल्या मॅग्मापासून, म्हणजे वितळलेल्या खडकापासून, झाले. तमिळनाडूतले काही ग्रॅन्युलाइट (तीव्र उष्णतेत रूपांतरित झालेले खडक) तर कवचाच्या खोल भागात तापून निघताना ही मूलद्रव्यं गमावून बसलेले. उलट रामनगरचा क्लोजपेट ग्रॅनाइट अडीच अब्ज वर्षांचा असूनही पोटॅशियमनं समृद्ध, आणि म्हणून शेजारच्या पट्टिताश्माहून अधिक उष्णता देणारा. वयापेक्षा घटक महत्त्वाचे.

‘उष्णतावाहकता’ हा तिसरा शब्दही यात मिसळू नये. खडक उष्णता किती सहज पुढे जाऊ देतो एवढंच ती सांगते, आणि ती बरीचशी खडकातल्या क्वार्ट्झ या खनिजावर ठरते. फेल्डस्पार या दुसऱ्या नेहमीच्या खनिजापेक्षा क्वार्ट्झ तिपटीहून अधिक वाहक. कोयना परिसरात सुमारे सव्वा किलोमीटर बेसॉल्टखाली ग्रॅनाइट-पट्टिताश्म लागतात. तिथे दोन्ही खडकांतून खालून वर येणारी उष्णता तेवढीच धरली, तरी कमी वाहक बेसॉल्टमध्ये तापमान खोलीबरोबर अधिक झपाट्यानं वाढतं.

म्हणून मराठीत लिहिताना ‘थंड कवच’ऐवजी ‘कमी उष्णताप्रवाहाचं कवच’ असं लिहावं, असं माझं मत आहे. शब्द लांबतो, पण वाचक फसत नाही.