बंद पडलेला सार्वजनिक जलतरण तलाव लोकांनी एकत्र येऊन पुन्हा सुरू करता येतो का?

येतो. पण ‘आधी वर्गणी काढून टाइल्स बदलू, मग पुढचं पुढे’ असं तुम्ही प्रश्नात लिहिलंय, तिथे जरा थांबा. अशाच एका तलावाच्या समितीत मी बरीच वर्षं आहे. टाइल्सचा नंबर माझ्या यादीत सगळ्यात शेवटी लागतो.

तलाव टाइल्समुळे क्वचितच बंद पडतो. त्याला बुडवतो तो रोजचा खर्च. २५ मीटर लांब, १२.५ मीटर रुंद आणि सरासरी दीड मीटर खोल टँकमध्ये पावणेपाच लाख लिटरच्या आसपास पाणी असतं. ते सगळं साधारण चार ते सहा तासांत एकदा फिल्टरमधून फिरायला हवं. पोहायला दहाजण येवोत की शंभर, पंप चालूच. शिवाय जीवरक्षकांचे पगार, क्लोरीन, विमा. नूतनीकरणाला देणगी मिळते, कारण भिंतीवर पाटी लागते. पंपाच्या बेअरिंगवर कोणाचं नाव कोरणार? म्हणून वर्गणी काढतानाच दुरुस्ती निधी वेगळ्या खात्यात टाका आणि त्याला हात लावायचा नाही असं ठरावात लिहून ठेवा.

तुमच्या टँकमध्ये अजून पाणी आहे म्हणताय, हे फार बरं झालं. गळती आहे का ते फुकटात कळेल. पाण्यात बुडणाऱ्या पायरीवर बादली ठेवा, आतलं पाणी बाहेरच्या पातळीइतकं भरा, दोन्हीकडे खूण करा आणि पंप बंद ठेवून २४ तासांनी बघा. दोन्हीकडे सारखंच उतरलं असेल तर ते बाष्पीभवन. टँकचं जास्त उतरलं तर गळती. पंप चालत असेल तर हेच तो चालू ठेवून पुन्हा करा. तेव्हा गळती वाढली तर संशय पाइपांवर घ्या. काहीही झालं तरी ‘रिकामा करून बघू’ म्हणणाऱ्याचं लगेच ऐकू नका. जमिनीतलं पाणी वर असेल तर रिकामी टाकी खालच्या दाबाने उचलली जाते आणि तळ तडकतो. आधी अभियंत्याला दाखवा.

लोकांनी तलाव चालवल्याची उदाहरणं आहेत. इंग्लंडमध्ये न्यूकॅसलच्या जेस्मंडचा तलाव पालिकेने १९९१ मध्ये बंद केला. स्थानिकांच्या धर्मादाय संस्थेने तो १९९२ मध्ये उघडला. स्कॉटलंडमध्ये ग्लासगोतल्या गोव्हनहिलचा तलाव २००१ मध्ये बंद झाला तेव्हा लोकांनी इमारतीतच ठिय्या दिला. ठिय्या उठवला गेला तरी लोकांनी इमारतीचा नाद सोडला नाही. पुढे न्यास स्थापून तिच्यासाठी वर्षानुवर्षं खपले. वेळ लागतो तो असा, त्यामुळे सभासदांना लवकरची तारीख देऊन बसू नका.

पालिकेशी करार करताना दोन गोष्टी स्पष्ट लिहून घ्या: टाकीच्या मूळ बांधकामाची दुरुस्ती कोणी करायची आणि अपघात झाला तर जबाबदारी कोणाची. मुदतही लांब मागा. दोन-तीन वर्षांच्या करारावर मोठी देणगी कोणी देत नाही, आणि त्यात देणाऱ्याचं काही चुकतही नाही.

सुरुवातीला शाळा आणि शिकाऊ मुलांच्या बॅचेस ठरवून घ्या. त्यांची फी आधी जमा होते आणि विजेचं बिल बहुतेक तिच्यातूनच भागतं. हौशी पोहणारे थंडी पडली की गायब होतात.